पत्र्यामागची ओल

मागच्या पावसाळ्यात, जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, नाल्याकाठच्या गल्लीतील एका आजींनी आम्हाला घरी बोलावून नेले. नात सहा वर्षांची. रात्री आडवी झाली की छातीतून शिट्टीसारखा आवाज, पहाटे खोकल्याची उबळ, शाळेला सारखी दांडी. दोनदा दवाखान्यात नेऊन मशीनची वाफ देऊन आणलेली. "सिस्टर, तुम्ही शिबिरात सांगितलं तसंच केलं. भिंत पार बंद करून टाकली. तरी पोरीचं वाढलंच," आजी म्हणाल्या.

हे ऐकून आम्ही गप्प झालो. त्या खरे बोलत होत्या. वर्षभरापूर्वी विहारात घेतलेल्या आरोग्य शिबिरात आम्हीच सांगितले होते, की ओल मुलांच्या छातीला वाईट, पावसाच्या तोंडाची भिंत झाकून घ्या. झाकायची कशी, ते सांगितले नव्हते, कारण आम्हालाच ते माहीत नव्हते. आमच्या गटात दोघी नर्सिंगची पदविका घेतलेल्या, बाकीच्या घरकाम आणि शिवणकाम करणाऱ्या. छातीला स्टेथोस्कोप कुठे लावायचा ते आम्हाला कळते. भिंतीचे दुखणे कसे तपासायचे ते कोणी शिकवलेले नव्हते. ते आम्ही मागच्या वर्षभरात शिकलो, गवंड्यांकडून, पत्रा ठोकणाऱ्यांकडून आणि थोडे आमच्याच चुकांकडून.

आजींच्या घराची मागची भिंत साडेचार इंची विटेची, तोंड पश्चिमेला. नाल्याच्या बाजूने तिला गिलावा नाही. घर बांधले तेव्हा तिकडे मिस्त्रीला उभे राहायलाच जागा नव्हती, आणि आपल्या वस्त्यांमधली निम्मी घरे अशीच उभी राहिली आहेत. सुनेने धुण्याभांड्याच्या पैशातून भिशी लावून त्या भिंतीवर बाहेरून सपाट पत्रा ठोकून घेतला. पत्रा विटांना अगदी चिकटवून, थेट खिळ्यांनी. खालून उंदीर शिरू नयेत म्हणून पत्र्याचा तळ सिमेंटने बुजवला. वरची फट फोमने भरली. तरी आतून पोपडे पडतच राहिले, तेव्हा दिवाळीच्या आधी आतल्या बाजूला गुलाबी फुलांचे पीव्हीसी पॅनल बसवले. घर कसे झकास दिसू लागले. नातीचा पलंग त्याच भिंतीला लावलेला होता.

त्या दिवशी आम्ही सुनेच्या परवानगीने खालच्या कोपऱ्यातले एक पॅनल उचकटले. आधी वास आला, बंद पेटीतल्या ओल्या गोधडीसारखा. मग दिसली काळी भिंत. बुरशीचे ठिपके नव्हेत, सलग काळा थर. पॅनलची पाठ बुळबुळीत, लाकडी पट्ट्या बोटाने दाबल्या तर आत जात होत्या, आणि झुरळांबद्दल तर बोलायलाच नको. दोन्हीकडून झाकलेली ती भिंत वर्षभर वाळलीच नव्हती.

पाणी येते कुठून, जाते कुठून

ओल म्हणजे बाहेरचा पाऊस आत येणे, एवढेच आपण समजतो. ते अर्धेच खरे आहे. मुंबईत चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि तो सरळ पडत नाही, नैर्ऋत्य आणि पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर भिंतीवर आपटतो. वीट आणि सिमेंट दोन्ही पाणी शोषतात. जमिनीतले पाणीही कंदिलाच्या वातीतून तेल चढावे तसे पायातून भिंतीत वर चढते. भिंतीच्या खालच्या दोन-तीन फुटांत पांढरा लोणा फुललेला दिसला, तर बहुधा तो खालून चढलेल्या पाण्याचा असतो.

पण उरलेले पाणी आपणच घरात तयार करतो. एक किलो स्वयंपाकाचा गॅस जळला की त्यातून दीड किलोहून जास्त पाणी वाफेच्या रूपात बाहेर पडते. म्हणजे सव्वाचौदा किलोचे एक सिलिंडर संपेपर्यंत वीस लिटरहून जास्त पाणी नुसत्या ज्योतीतून त्या खोलीत आले. भाताची वाफ वेगळी, आंघोळीची वेगळी, आत दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांची वेगळी आणि पाच-सहा माणसांच्या श्वासाची वेगळी. ही वाफ गार जागा शोधते. रात्री पावसाने थंड झालेला पत्रा ही सगळ्यात गार जागा. फ्रीजमधून काढलेल्या बाटलीला घाम सुटतो ना, तसा पत्र्याच्या आतल्या अंगाला घाम सुटतो. पत्रा कुठेही गळत नसला तरी सकाळी त्याच्यामागे पाणी सापडते ते यामुळे. "नवीन पत्रा आणि तो गळतो," असे म्हणत लोक त्या पत्रेवाल्याशी भांडतात. बिचारा पत्रेवाला दरवेळी दोषी नसतो.

पाणी आत येणे शंभर टक्के थांबवता येत नाही. खिळ्याच्या भोकातून, जोडातून, कोपऱ्यातून ते येतेच. म्हणून भिंत झाकताना एकच गोष्ट बघायची, आलेले पाणी खाली निथळून जाईल का आणि मागची भिंत उघडीप मिळाली की वाळेल का. आजींच्या घरात दोन्ही वाटा सिमेंट आणि फोमने बंद झाल्या होत्या.

आमच्यातल्या बऱ्याच जणींचे मूळ गाव कोकणात. तिथे मातीच्या भिंतीला पावसाच्या बाजूने विणलेल्या झावळ्यांच्या झापा लावत. झाप भिंतीला चिकटवत नसत, वळचणीला बांधून थोडी बाहेर कलती ठेवत. पाणी झापेवरून ओघळून खाली जायचे आणि मागे वारा खेळता राहायचा. पावसाळा सरला की झाप काढून टाकत आणि भिंत ऊन खायची. शिकले-सवरलेले देशही हे विसरले आणि त्यांनी त्याची किंमत मोजली. कॅनडातल्या व्हँकुव्हरकडे १९८० आणि ९० च्या दशकांत बांधलेल्या शेकडो इमारतींच्या भिंती अशाच आतून कुजल्या. तिकडेही पाऊस भरपूर. लाकडी सांगाड्यावर बाहेरून गिलाव्याचा घट्ट थर दिला, मागे पोकळी ठेवली नाही. शिरलेले पाणी अडकून राहिले. हजारो कुटुंबे दुरुस्तीच्या कर्जात बुडाली, सरकारला १९९८ मध्ये चौकशी आयोग नेमावा लागला. आता तिथे बाहेरचे आवरण आणि भिंत यांच्यात एक-दोन सेंटिमीटरची पोकळी सोडतात. फरक फक्त एका बोटाच्या जागेचा आहे.

छातीत काय होते

भिजलेल्या वस्तूवर एक-दोन दिवसांत बुरशी धरू लागते. तिचे बीजाणू डोळ्यांना दिसत नाहीत, श्वासाबरोबर आत जातात. ज्यांची श्वासनलिका नाजूक आहे, म्हणजे लहान मुले, दम्याचे रुग्ण, म्हातारी माणसे, त्यांच्या नळ्या सुजतात, आकसतात आणि शिट्टी वाजू लागते. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातील ओल आणि बुरशी यांवर स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. ओलसर घरात राहणाऱ्यांना खोकला, घरघर, दमा आणि श्वसनाचे संसर्ग जास्त होतात, हे त्यात स्पष्ट म्हटले आहे. बुरशी किती असली तर चालते, असा आकडा मात्र त्यांनी दिलेला नाही. म्हणजे 'थोडीशीच आहे' ही समजूत सोडायची.

एक गैरसमज दूर करायला हवा. ओलीमुळे टीबी होत नाही. टीबी जंतूमुळे होतो, आणि तो खोकणाऱ्या माणसाकडून हवेतून येतो. पण ज्या घरात ओल साचते तिथे हवाही साचलेली असते, आणि साचलेल्या हवेत टीबीचे जंतू तासन्‌तास तरंगत राहतात. गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन इमारतींचा डॉक्टर्स फॉर यू या संस्थेने अभ्यास केला, त्यातही दाटीने उभ्या इमारती, ऊन-वारा न पोहोचणारी खालच्या मजल्यावरची घरे आणि टीबी यांचा संबंध पुढे आला होता. तेव्हा दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर 'भिंतीमुळे असेल' म्हणून घरी बसू नका. महापालिकेच्या दवाखान्यात बेडक्याची तपासणी फुकट होते.

लहान मुलाची छाती भरली असे वाटले तर घड्याळ घेऊन पूर्ण एक मिनिट श्वास मोजा, मूल शांत असताना, रडताना नव्हे. दोन महिन्यांपेक्षा लहान बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष या वयात ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षे या वयात ४० किंवा जास्त असतील, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा मूल दूध ओढत नसेल, तर रात्र असली तरी थांबू नका. आणि डॉक्टरांनी पंप दिला असेल तर तो द्या. पंपाची सवय लागते ही भीती आमच्या वस्तीत घट्ट बसली आहे. तोंडाने घेतलेल्या गोळीपेक्षा पंपातले औषध कितीतरी कमी मात्रेत, थेट जिथे हवे तिथे पोहोचते. आजींनीही नातीचा पंप डब्यात जपून ठेवला होता, 'फार झालं तरच' म्हणून.

पत्रा लावायचाच तर

ऑक्टोबरात, पाऊस पूर्ण सरल्यावर, आम्ही आजींच्या घराचे काम हाती घेतले. पत्रा तोच वापरला, नवा खर्च पट्ट्या, स्क्रू आणि जाळीचा. आधी तळाचे सिमेंट फोडले, पत्रा उतरवला आणि भिंत महिनाभर तशीच उघडी ठेवली. शेजारी हसत होते. पण ओल्या भिंतीवर काहीही बसवले की ओल आत कोंडली जाते, मग ते पॅनल असो, टाइल असो की 'वॉटरप्रूफ' रंग. वाळू द्यायची, मगच झाकायची.

नंतर भिंतीवर लाकडी रिपा ठोकल्या, एक इंच जाडीच्या, उभ्या. पत्रा सपाट असेल तर रिपा उभ्याच हव्यात. आडव्या ठोकल्या तर प्रत्येक रिपेवर पाणी थबकते आणि वाराही अडतो. पन्हळी पत्रा असेल तर आडव्या रिपा चालतात, कारण पन्हळींच्या पोकळीतून हवा वर जाते. मात्र त्या पन्हळी उभ्या राहिल्या पाहिजेत. पत्रा खालून वर लावत जायचा, म्हणजे वरचा पत्रा खालच्यावर चढतो, मासोळीच्या खवल्यांसारखा. चढ निदान वीतभर ठेवा. खिळ्याऐवजी रबरी वायसर असलेले स्क्रू वापरा.

तळाशी पत्रा जमिनीपासून चार बोटे वर थांबवायचा आणि तिथे बारीक जाळी बसवायची. उंदरांची भीती खोटी नाही, पावसात त्यांच्या मुतातून लेप्टो पसरतो, म्हणून जाळी लोखंडी आणि पक्की हवी. पण सिमेंट नको. वरच्या टोकाला छपराखाली दोन बोटे फट सोडायची, आणि छप्पर भिंतीच्या पुढे निदान फूटभर यायला हवे, नाहीतर त्याच फटीतून पाऊस आत घुसेल. खालून गार हवा आत शिरते, तापून वर जाते, बरोबर ओल घेऊन जाते. पंखा नको, वीज नको.

ताडपत्री लावणाऱ्यांनाही हेच लागू. ताडपत्री भिंतीला घट्ट गुंडाळू नका, बांबू किंवा रीप मध्ये घालून थोडी पुढे ताणा आणि खालचे टोक मोकळे सोडा. तिच्या घडीत साचलेले वाटीभर पाणी डेंगीच्या डासाला पुरते, म्हणून आठवड्यातून एकदा घड्या झटकायच्या.

इथे दोन धोके सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पहिला विजेचा. मागच्या भिंतीवरून मीटरची किंवा शेजाऱ्याची वायर गेली असेल तर ती पत्र्याला कुठेही टेकता कामा नये. पावसात एका कापलेल्या वायरीने पूर्ण पत्र्यात करंट उतरतो. वायर पाइपातून न्या आणि घरात ईएलसीबी बसवून घ्या, पॅनलच्या खर्चापेक्षा तो खर्च आधी करा. दुसरा धोका सिमेंटच्या राखाडी पत्र्याचा. त्यातल्या बऱ्याच पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असते आणि आपल्याकडे ते अजून सर्रास विकले जातात. जागेवर असलेला धड पत्रा तितका घातक नाही. तो कापला, भोके पाडली किंवा फोडला की निघणारी धूळ फुप्फुसात कायमची रुतते आणि तिचे आजार वीस-तीस वर्षांनी डोके वर काढतात. असा पत्रा कापायचा हट्ट धरू नका, आणि तुकडे हाताळावेच लागले तर आधी पाण्याने चिंब भिजवा, मुलांना तिथे फिरकू देऊ नका.

आत बसलेली बुरशी कोरड्या ब्रशने खरवडू नका, बीजाणू घरभर उडतात. तोंडाला मास्क बांधून साबणाच्या किंवा धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने ओल्या फडक्याने पुसा, फडके फेकून द्या, भिंत कोरडी करा. ब्लीच वापरत असाल तर संडास साफ करायचे ॲसिड त्यात कधीही मिसळू नका. त्यातून निघणारा क्लोरीन वायू बंद मोरीत जिवावर बेततो. दम्याच्या माणसाने हे काम करूच नये.

ओल भिंतीतून येते की घरातल्या वाफेची, हे ओळखायची एक सोपी युक्ती आहे. फूटभर पारदर्शक प्लास्टिक भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट चिकटवा आणि एक दिवस थांबा. थेंब प्लास्टिकच्या मागे, भिंतीच्या बाजूला आले तर पाणी भिंतीतून येते आहे. थेंब खोलीच्या बाजूला, तुमच्या हाताला लागले तर ती घरातली वाफ. वाफेचे असेल तर बाहेरच्या पत्र्यावर पैसे घालवून उपयोग नाही. भांड्यावर झाकण ठेवा, चुलीच्या वर खिडकी किंवा बाहेर हवा फेकणारा छोटा पंखा द्या, पलंग-कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढा. भर पावसात बाहेरची हवाच ओली असते, तेव्हा खिडकी उघडून भिंत वाळणार नाही, हेही खरे. पण वाफ आणि खोकल्यातले जंतू बाहेर जातात, म्हणून खिडकी तेव्हाही उघडायची, आणि उघडीप पडली की तर दार-खिडकी सताड.

'तुम्ही नीट राहत नाही'

दवाखान्यात असताना आम्हीही हे वाक्य बायकांना ऐकवले आहे. घर स्वच्छ ठेवा, कपडे आत वाळवू नका. दहा बाय बाराच्या खोलीत, बाहेर नाला, वर पाऊस, कपडे वाळवायचे कुठे, हे आम्ही विचारले नाही. इंग्लंडमध्ये रॉचडेल गावी २०२० मध्ये अवाब इशाक नावाचे दोन वर्षांचे मूल दगावले. बुरशीने भरलेल्या भाड्याच्या घरात राहून त्याची श्वसनसंस्था निकामी झाली, असा निर्णय मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने २०२२ मध्ये दिला. वडिलांनी तक्रार केली तेव्हा त्यांना बुरशीवर रंग मारायला सांगण्यात आले होते, आणि दोष कुटुंबाच्या राहणीवर टाकला गेला होता. आई-वडील सुदानहून आलेले. पुढे तिथल्या कायद्यात त्या मुलाच्या नावाने तरतूद झाली आणि ओल-बुरशीची तक्रार ठरलेल्या मुदतीत तपासून दुरुस्त करणे घरमालक संस्थांवर बंधनकारक झाले.

आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नाही, पण हात अगदीच रिकामे नाहीत. तुम्ही भाडेकरू असाल तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम १४ नुसार घर राहण्यायोग्य दुरुस्त ठेवणे मालकाचे कर्तव्य आहे. त्याला लेखी नोटीस द्या, निदान पंधरा दिवसांची मुदत द्या, एक प्रत सही-शिक्क्यासह स्वतःजवळ ठेवा. अकरा महिन्यांच्या लायसन्सवर राहत असाल तर ओलीच्या दुरुस्तीचे कलम करारातच लिहून घ्या. पुनर्वसन इमारतीत राहणाऱ्यांनी एकेकट्याने नव्हे, सोसायटीच्या ठरावाने तक्रार करावी, सोबत तारखेसह फोटो आणि मुलांचे केसपेपर जोडावेत. केसपेपर जोडला की 'रंग उडाला' ही तक्रार आरोग्याची तक्रार होते. वॉर्ड ऑफिसात आम्ही हा फरक अनुभवला आहे. पूर्वी अर्ज बाहेरच्या बाकावरच्या शिपायाकडे राहायचा, आता निदान आत जातो.

आजींच्या घरी यंदा जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. आतले पॅनल पुन्हा बसवलेले नाही. भिंतीवर चुन्याचा हात आहे, खालच्या कोपऱ्यात अजून थोडा लोणा फुटतो, कारण पायातून चढणारे पाणी पत्र्याने थांबत नाही आणि त्यासाठी पाया खोदावा लागेल, तेवढा पैसा अजून जमलेला नाही. नातीला पंप सकाळ-संध्याकाळ नियमित चालू आहे. जून-जुलैत शाळा चारच दिवस बुडाली. पलंग समोरच्या भिंतीला नेलाय, त्यामुळे टीव्ही नीट दिसत नाही, ही तिची तक्रार आहे.

सुनेला आम्ही पत्र्याच्या तळाची जाळी साफ करायला सांगितली होती. नाल्यातला प्लास्टिकचा कचरा तिथे अडकतो. "केली," ती म्हणाली, "आणि पलीकडच्या मावशींच्या भिंतीला ते प्लास्टिक पण चिकटवून आले. थेंब मागच्या बाजूला आलेत. त्यांनी पॅनलवाल्याला ॲडव्हान्स दिलाय, तो परत मागायला आज संध्याकाळी जायचंय. तुम्ही येता का बरोबर?"